अंडरग्राउंड हिपहॉपची प्लेलिस्ट: २१२ गाणी जमवली, पण चौथ्याच्या पुढे कोणी जात नाही

तापीकाठ · रविवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी.

मी एमआर. औषधांची बॅग घेऊन सुरत लाइनवर जळगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार असा आठवड्यातले चार दिवस असतो. डॉक्टरांच्या केबिनबाहेर ताटकळताना कानात हिपहॉप घालून बसायची सवय लागली. त्यातून गेल्या तीन वर्षांत एक प्लेलिस्ट साठत गेली. नियम एकच, मोठ्या कंपनीचं गाणं घ्यायचं नाही. ज्यानं पदरमोड करून रेकॉर्ड केलं किंवा ज्याचं गाणं लहान लेबलनं काढलं, तोच आत. आज २१२ गाणी आहेत, साडेअकरा तास.

मित्रांना लिंक पाठवली. सगळ्यांचे अंगठे आले. काल एकाला खोदून विचारलं तर म्हणाला, "भो, चौथ्याला बंद केलं." दुसरा तिसऱ्यालाच उतरला होता. सख्ख्या मावसभावानं पहिलं गाणंही पुरतं ऐकलेलं नाही. गंमत अशी की यातलं एकेक गाणं सुटं पाठवलं की हेच लोक "अजून आहे का असलं?" विचारतात. मग यादीत गेल्यावर त्याच गाण्याला काय होतं?

पहिली पाच सांगतो: अमेरिकेचा रॅपर एमएफ डूम, दिल्लीचा प्रभ दीप, मुंबईचे स्वदेसी, अमेरिकेच्याच जे डिलाचा एक बिनशब्दांचा तुकडा, काश्मीरचा अहमर. चुकतंय कुठे?

आठशेआठ · रविवार, रात्री ११.२५

गाणी चोख आहेत. पण ही यादी नाही भाऊ, ढीग आहे. जे सापडलं ते तू खाली चिकटवत गेलास.

चौथ्याचं आधी सांगतो. डिलाचा तो तुकडा ज्यातला, तो 'डोनट्स' अल्बम ७ फेब्रुवारी २००६ ला आला, त्याच्या ३२ व्या वाढदिवशी, आणि तीन दिवसांनी तो गेला. ४३ मिनिटांत ३१ तुकडे आहेत, बहुतेक मिनिट-दीड मिनिटाचे. शेवटचा तुकडा फिरून पहिल्याला जोडला जातो. अशा गोफातला एक पदर ओढून स्वदेसी आणि अहमरच्या मध्ये ठेवलास, तर ऐकणाऱ्याला वाटणार नेट गेलं. तुकडा घ्यायचाच तर दोन लांब गाण्यांमधला श्वास म्हणून घे.

दुसरं, लय. जुन्या धाटणीचं बूम-बॅप मिनिटाला ८५ ते ९५ ठोके चालतं. ड्रिल हा हिपहॉपचाच नवा प्रकार, तो १४० च्या आसपास. ट्रॅप हा आणखी एक प्रकार, तोही बहुतेकदा तिथंच असतो, पण त्याचा स्नेअर, म्हणजे कडक ठोक्याचा ड्रम, निम्म्या चालीत पडतो म्हणून कानाला ते ७० वाटतं. ९० वरून एकदम ड्रिलवर उडी मारलीस की पोटात गोळा येतो. मध्ये निम्म्या चालीचं एक टाकलंस तर कळतही नाही. मी लग्नात डीजे वाजवतो, तिथं हे चुकलं की नाचणारे पाणी प्यायला जातात. तुझे मित्र तेच करताहेत.

शेवभाजी_जादा_तर्री · रविवार, रात्री ११.३१

आयडी भारी आहे. आठशेआठ म्हणजे केळीची नवी जात का?

आठशेआठ · रविवार, रात्री ११.३३

रावेरचे दिसता. रोलँडचं ड्रम मशीन आहे हो, टीआर-८०८. १९८० ला आलं, १९८३ ला कंपनीनं बंद केलं, आणि पोरं अजून त्याच्याच ढुमक्यावर नाचताहेत.

तापीकाठ · रविवार, रात्री ११.५०

लयीचं पटलं. पण २१२ मधून काढू काय? प्रत्येक गाणं शोधायला रात्री घातल्यात. काहींचे तर जगात दोनशे श्रोते असतील. मी काढलं तर ते कोण ऐकणार?

जुनं_रेकॉर्डिंग_सेंटर · सोमवार, सकाळी ६.१५

मला हिपहॉपमधलं ओ की ठो कळत नाही. नातवानं हा धागा दाखवला. पण "काढू काय" हे वाचून राहवेना.

मी १९८६ पासून तेरा वर्षं पाचोऱ्यात कॅसेटी भरून द्यायचो. धंदा कायद्यात बसणारा नव्हता, हे आता कबूल करायला हरकत नाही. साठाची कॅसेट म्हणजे एका बाजूला ३० मिनिटं, नव्वदची म्हणजे ४५. गिऱ्हाईक सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या कागदावर १८ गाणी लिहून आणायचं आणि पैसे साठाचे द्यायचं. साडेचार मिनिटांचं एक धरलं तरी ८१ मिनिटं होतात. कुठून बसणार? मग मी त्याला स्टुलावर बसवून विचारायचो, यातली कुठली सहा नसली तर चालेल? माणूस रडकुंडीला यायचा. एकदा तर नवराबायकोचं दुकानातच वाजलं. पण ती सहा गेली की कॅसेट जमायची. तोवर तो नुसता कागद असायचा.

बाजूचा शेवटही सांभाळावा लागे. गाणं मध्येच तुटलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात उभं. म्हणून वहीत प्रत्येक गाण्याची मिनिटं-सेकंद मांडून मी बेरीज करायचो. आणि पहिली बाजू संपली की ऐकणाऱ्याला उठून कॅसेट पलटावी लागे. त्यानं जेवता जेवता भाकरीच्या हातानं उठावं, असंच गाणं मी तिथं टाकायचो. तुमच्या फोनमध्ये पलटायचं काही नाही, त्यामुळे तुम्हाला हा विचारच पडत नाही.

आणखी एक. डेकवर आवाजाची पातळी दाखवणाऱ्या दोन सुया हलायच्या. एका रेकॉर्डचं गाणं कुजबुजतं, दुसरं कोकलतं. सुई लाल पट्ट्यात गेली की आवाज फाटायचा, म्हणून प्रत्येक गाण्याला हात बटणावर ठेवून बसायचो. दोन गाण्यांमध्ये तीन सेकंद मोकळे. पण रडवणारं गाणं झालं की पाच.

आठशेआठ · सोमवार, सकाळी ९.०२

काका, लांबूनच पाया पडतो. ते पाच सेकंद मला कुणी शिकवले नव्हते.

तुमच्या सुयांचं काम आता ॲप करतं. स्पॉटिफाय सगळ्या गाण्यांची पातळी साधारण उणे १४ एलयूएफएसवर आणून ठेवतं. एलयूएफएस म्हणजे कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप. आता घरच्या खोलीत रेकॉर्ड करणारी पोरं काय करतात, तर गाणं "मोठं" वाटावं म्हणून दाबून दाबून वर ठोकतात. ॲप ते परत खाली ओढतं. मोठेपण जातं, दाबलेपण तेवढं राहतं. गाणं चपटं लागतं. पोरांनो, वाचत असाल तर थोडी हवा सोडा.

तापीकाठ, सेटिंगमध्ये जाऊन क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं विरता विरता दुसरं चढणं, शून्यावर आण. बारा सेकंदांपर्यंत ठेवता येतो म्हणून ठेवायचा नसतो.

तापीकाठ · सोमवार, सकाळी ९.२०

ठेवला होता. बाराच. 🙈

गोलाणी_पिढी · सोमवार, दुपारी १.४५

कॅसेटवरून मेमरी कार्ड आठवलं. कॉलेजात असताना जळगावच्या गोलाणी मार्केटात कार्ड भरून घ्यायचो. दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर फोल्डर ठरलेले: भक्ती, डीजे, सॅड, अहिराणी, रॅप. 'रॅप'मध्ये सगळा काला. पंजाबी पॉप, अमेरिकन काहीतरी, मध्येच एखाद्या पोराचं खोलीत रेकॉर्ड केलेलं. फाइलीला नाव म्हणजे डाउनलोडच्या साइटचं नाव, नाहीतर नुसतं 'ट्रॅक ०७'.

असंच एक ट्रॅक ०७ माझ्याकडे होतं. मराठीत, मागे कुत्रं भुंकतंय, बहुतेक गच्चीवर रेकॉर्ड केलेलं. कोण होता, कुठला होता, शेवटपर्यंत कळलं नाही. कार्ड गेलं, गाणं गेलं. तेव्हा एक विनंती, यादीच्या खाली नावं लिही. कोण गातो, बीट म्हणजे मागचं संगीत कुणाचं, गाव कुठलं. ॲपमध्ये बीट करणाऱ्याचं नाव बऱ्याचदा कुणी भरलेलंच नसतं.

तापीकाठ · सोमवार, दुपारी २.१०

एक्सेलमध्ये लिहून ठेवतो. त्याचं कारण वेगळं आहे. दर दोन-तीन महिन्यांनी यादीतली पाच-सहा गाणी राखाडी पडतात. वर्षाची फी घेऊन ॲपवर गाणी चढवणाऱ्या वितरकाकडून गाणं टाकलेलं असतं, पोराला नोकरी लागते किंवा सुटते, फी भरायची राहते, गाणं उतरतं. यूट्यूबवर तर न वाजणारे व्हिडिओ यादीतून नजरेआडच होतात, काय गेलं तेही समजत नाही. दुसरा घोळ नावांचा. एकाच नावाचे दोन रॅपर असले की दोघांची गाणी एकाच पानावर चढतात. माझ्या यादीतल्या एका अकोल्याच्या मुलाच्या पानावर मध्यंतरी ब्राझीलमधलं काहीतरी वाजत होतं. तो वैतागला होता, आणि गाणं चांगलं होतं ही वेगळीच पंचाईत.

शेवभाजी_जादा_तर्री · सोमवार, सायं. ६.३०

एवढी चर्चा झाली आणि कुणी म्हटलं नाही, खान्देशातल्या पहिल्या रॅपर बहिणाबाईच. +१ द्या.

कानबाईनी_लेक · सोमवार, सायं. ७.०५

हे वाक्य दर धाग्यावर कुणीतरी आणून ठेवतंच. बहिणाबाई आसोद्याच्या. लिहिता-वाचता येत नव्हतं, ओव्या जात्यावर-शेतात सुचायच्या, सोपानदेवांनी उतरवून घेतल्या, पुस्तक १९५२ ला आलं तेव्हा त्या हयात नव्हत्या. त्यांना बहिणाबाईच राहू द्या की. रॅपर म्हटल्यानं त्या मोठ्या होत नाहीत आणि रॅपही होत नाही. आणि त्यांची बोली लेवा गणबोली, अहिराणी नव्हे.

मी धुळ्याची. शाळेत मराठी शिकवते, घरी अहिराणी बोलते. तापीकाठ दादा, तुमच्या २१२ मध्ये अहिराणी किती?

तापीकाठ · सोमवार, सायं. ७.१२

नऊ. शेवटी एकत्र ठेवलीत, २०४ ते २१२.

कानबाईनी_लेक · सोमवार, रात्री ८.४०

वाटलंच होतं. लग्नात मुलीकडच्या गरीब पाहुण्यांची पंगत शेवटी बसते तशी.

तुम्ही भाषेनुसार गठ्ठे केलेत. बाकी सगळं वर, तळाला अहिराणी. असं लावलं की ऐकणाराही 'चला, आता आपलं गावाकडचं' म्हणून ऐकतो, नाहीतर ऐकतच नाही. मी माझ्यासाठी एक छोटी यादी केली आहे, अकरा गाण्यांची, ती विषयानं लावली. ओडिशातल्या कालाहांडीचा दुलेश्वर टांडी, रॅपर दुले रॉकर. २०२० च्या टाळेबंदीत त्यानं घरी चालत निघालेल्या मजुरांवर कोसलीत गायलं. मला कोसली येत नाही. पण त्याच्या लगेच पुढे मी आपल्याकडच्या एका पोराचं सुरतेला कामाला जाण्याचं अहिराणी गाणं ठेवलं. वर्गातल्या मुलांना ऐकवलं तर एकानं विचारलं, "मॅडम, हे दोघं भाऊ आहेत का?" आता हा पोरगा २०७ व्या नंबरला असता तर असं कुणी विचारलं असतं?

स्वदेसीचं २०१९ चं आरेच्या जंगलावरचं गाणं घ्या. त्यात वारली नेते प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. त्याच्यापुढे आणखी मुंबई कशाला? साक्री-नवापूरकडच्या पावरी या फुंकवाद्याचं नुसतं वादन ठेवा, दोन मिनिटं. शब्द नाहीत, रॅप नाही, नियमात बसत नसेल. बसवा. पुढे महादेव कोळी समाजातली रॅपर माही जी. ती जंगलावर गाते तेव्हा पावरी अजून कानात असते.

आता आमच्याच पोरांची तक्रार. अहिराणीत वाक्य 'शे'वर, म्हणजे 'आहे'वर संपतं. म्हणून गाव मनं शे, नाव मनं शे, बठ्ठं मनंच शे. झालं यमक! चार ओळी 'शे'वर आणून ठेवल्या की पोरं खूश. अरे, क्रियापद फिरवा, ओळ मध्येच तोडा, यमक आतल्या शब्दात लपवा. एमएफ डूम काय करायचा ते याच धाग्यावरच्या कुणीतरी नीट सांगा, मी सांगितलं तर मॅडमगिरी होते.

आठशेआठ · सोमवार, रात्री ९.१५

ताई, सांगतो. डूम एकाच ओळीत तीन-चार शब्दांचा जोड दुसऱ्या तेवढ्याच लांबीच्या जोडाशी जुळवायचा. शेवटचं अक्षर नाही, अख्खा तुकडा. आणि वाक्य ओळीच्या शेवटी संपवायचा नाही, ते पुढच्या ओळीत ओघळायचं. त्यामुळे यमक कुठे येणार याचा अंदाज लागत नाही. बीट करणाऱ्या मॅडलिबबरोबरचा त्याचा २००४ चा अल्बम स्टोन्स थ्रो या छोट्या लेबलनं काढला. २२ तुकडे, ४६ मिनिटं, आणि धृपदं जवळपास नाहीतच. धृपद नसेल तर 'शे शे शे'ला लपायला जागा राहत नाही.

भुसावळ_जंक्शन · सोमवार, रात्री ११.५८

नमस्कार. मी १९ वर्षाचा आहे, रॅप करतो. मागच्या महिन्यात गाणं टाकलं. तापीकाठ भाऊ, मनं गानं लिशी का? ताई, माझ्या गाण्यात 'शे' फक्त दोनदा आहे, आत्ता मोजलं.

एका पेजवाल्यानं मेसेज केला होता, १५०० रुपयांत मोठ्या प्लेलिस्टमध्ये टाकतो, १०,००० प्ले नक्की. करू का?

तापीकाठ · मंगळवार, सकाळी ७.३०

करू नको. माझ्या ओळखीच्या एकानं केलं होतं. चार दिवसांत प्ले आले, सगळे अशा शहरांतून जिथं त्याचं कुत्रंही ओळखीचं नाही. पाचव्या आठवड्यात वितरकानं खोटे प्ले म्हणून गाणंच उतरवलं. पैसे घेऊन यादीत जागा देणं स्पॉटिफायच्या नियमातही बसत नाही.

खऱ्या प्लेचा हिशेब ऐक. ३० सेकंद वाजलं तर एक प्ले. २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत १००० प्ले झाले नसतील तर त्या गाण्याला रॉयल्टीच नाही. म्हणजे पहिली ३० सेकंदं तुझ्या हातात आणि १००० माणसं जमवणं आमच्या. तुझ्या गाण्यात पहिली ४० सेकंदं तू मित्रांची नावं घेतोस.

गाणं ऐकलं, तीनदा. दुसरं कडवं, ज्यात वडील नाइट ड्युटी करून येतात आणि तू तेव्हा झोपायला जातोस, ते अस्सल आहे. पण गडबड अशी की हेच बीट माझ्या यादीत ५७ व्या नंबरला आहे, लातूरच्या एकाचं.

भुसावळ_जंक्शन · मंगळवार, सकाळी ७.४१

काय सांगी ऱ्हायना भाऊ! मी तर पैसे देऊन घेतलंय.

आठशेआठ · मंगळवार, सकाळी ८.१०

पैसे देऊन भाड्यानं घेतलंयस. यूट्यूबवर 'अमक्या-तमक्यासारखं बीट' म्हणून जे विकतात ते बहुतेक भाडेपट्ट्यावर. तेच बीट पन्नास जणांना देता येतं, आणि बऱ्याच पट्ट्यांत ठरावीक प्लेची मर्यादाही असते. एकट्याला हवं असेल तर पूर्ण हक्काचे वेगळे पैसे मोजावे लागतात. पावती जपून ठेव, उद्या कुणी दावा ठोकला तर तीच दाखवायची. पुढच्या वेळी गावातल्या कुणाकडून करून घे. लग्नाच्या बँडमधली कीबोर्ड वाजवणारी पोरं काय कमी आहेत का आपल्याकडे?

तापीकाठ, यादी करणाऱ्यानं अशा वेळी दोन्ही गाणी ठेवू नयेत. दुसरं सुरू झालं की ऐकणाऱ्याला वाटतं पहिलंच परत लागलं.

गोलाणी_पिढी · मंगळवार, दुपारी १२.२०

एक शंका. गायक संजू राठोड यादीत का नाही? आपल्या जळगाव जिल्ह्यातला पोरगा आहे.

तापीकाठ · मंगळवार, दुपारी १२.५०

अभिमान आहेच. पण २०२४ मध्ये त्याचं गाणं देशभर वाजलं, त्याला माझ्या ६४ फॉलोअरची काय गरज? शिवाय ते पॉप आहे, आणि चांगलं पॉप आहे. पुण्याच्या रॅपर एमसी स्टॅनचंही तेच, २०२३ ला बिग बॉस जिंकल्यावर तो शोधून काढायचा राहिला नाही. यावर वेगळा धागा काढा, मी तिथं भांडायला येतो.

देखरेख · मंगळवार, दुपारी १.००

गाण्यांच्या ओळी, विशेषतः शिव्या असलेल्या, इथे चिकटवू नयेत. दोन प्रतिसाद काढले आहेत. कोणाचे ते त्यांना माहीत आहे.

तापीकाठ · शनिवार, रात्री ९.३०

मंडळी, चार दिवस यादीशी झटलो. काकांची पद्धत वापरली. कुठली नसली तर चालतील हे विचारत गेलो तर २१२ पैकी १९८ नसली तरी चाललं. जीव गेला, पण चाललं. ती एका वेगळ्या यादीत आहेत, नाव 'गोदाम', कुणाला पाठवणार नाही. दर महिन्याला तिथून दोन-तीन वर येतील, तितकीच खाली जातील.

आता १४ गाणी, ४६ मिनिटं. सुरुवात डूमनं नाही. सुरुवात त्या सुरतेच्या अहिराणी गाण्यानं, त्याला जोडून दुले रॉकर, मग प्रभ दीप. ताईंनी सांगितलं त्याच्या उलट क्रम झाला, पण आमच्या लाइनवर सुरत आधी येते. डूम पाचवा. स्वदेसी, पावरी, माही जी हे तिघं जसेच्या तसे, ९ ते ११. डिलाचा तुकडा १२ व्या जागी, त्यांच्यानंतर गप्प बसायला. ड्रिल एकच ठेवलं, शेवटून दुसरं.

भुसावळचा पोरगा सातवा. त्यानं मित्रांची नावं काढली, दुसऱ्या कडव्यातली शिवीही कापून नवी फाइल दिली. लातूरकराला मेसेज करून सांगितलं की तुझं दुसरं गाणं घेतोय. तो म्हणाला, ते जास्त चांगलंच आहे.

मावसभावाला परवा गाडीत बसवून ऐकवली. आठव्यापर्यंत आला. मग अमळनेर आलं.

जुनं_रेकॉर्डिंग_सेंटर · रविवार, सकाळी ६.०५

नातवाच्या फोनवर ऐकली. सातवं संपतं आणि आठवं फार लवकर अंगावर येतं. तिथं जागा सोड. बाकी, पहिली बाजू कुठे संपते ते मला कळलं.

तापीकाठ · रविवार, सकाळी ८.१५

काका, ॲपमध्ये जागा सोडता येत नाही. शांततेची पाच सेकंदांची फाइल फोनमध्ये घालून मध्ये लावतो, पण ती माझ्याच फोनवर वाजेल.

कानबाईनी_लेक · रविवार, सकाळी १०.४०

पहिलं अहिराणी! जमनं भो. पण बाईचा आवाज पार दहाव्या गाण्याच्या पुढे का? पुढच्या महिन्यात बघते तुम्हाला.

भुसावळ_जंक्शन · रविवार, दुपारी ३.२०

आईले ऐकाडं. सात नंबर बठ्ठा ऐका तिनी. आते इचारी ऱ्हायनी, "दुसरा कडवामा मधमाच आवाज का जास रे?"